चुन्यात बांधलेला वायू

साल 1974. तुम्ही बल्लारपूरच्या कागद गिरणीत, ब्लीच प्लांटच्या लोखंडी जिन्यावर उभे आहात. पायाखालची जाळी ओली आहे, कठडा धरला तर तळहाताला गंज लागतो. मागे यार्डात बांबूचे ढीग रचले आहेत. धानोरा, एटापल्ली, आलापल्लीच्या जंगलांतून ट्रकांनी आलेला हा मानवेल. गडचिरोली जिल्हा अजून व्हायचा आहे. तो होईल 26 ऑगस्ट 1982 रोजी. या घटकेला वैनगंगेपल्याडचं ते सगळं अरण्य चंद्रपूर जिल्ह्यातच मोडतं. गावात शिरताना तुम्हाला सडक्या कोबीचा वास लागला होता. तो गंधकाचा, बांबू शिजवणाऱ्या डायजेस्टरचा. इथला वास निराळा आहे. तो नाकाच्या आत टोचतो, घसा आवळतो, डोळ्यांतून पाणी काढतो.

"रुमालानं काही होत नाही भाऊ," मिस्त्री म्हणतो. "वास आला का वाऱ्याच्या उलट्या अंगाले सरकाचं. आन् खाली नाई बसाचं. हा जड असते, खालीच साचते."

तो बरोबर सांगतो आहे. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. गळती झाली की तो खोलगट जागा शोधतो, गटारात उतरतो, आडोशाला थांबतो.

खाली पहिल्या टाकीत वाकून बघा. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजून, धुऊन आलेला बांबूचा लगदा पुठ्ठ्याच्या रंगाचा आहे. बांबूला उभं ठेवणारं लिग्निन अजून तंतूंना चिकटून बसलंय, हा तपकिरी रंग त्याचाच. इथे थंड पाण्यात पातळ केलेल्या लगद्यात क्लोरीन सोडतात आणि लगदा नारिंगी होतो. पांढरा नाही, नारिंगी. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण इथे चकित होतो. क्लोरीन या पायरीवर लिग्निनला नुसतं तोडून, बदलून ठेवतो. ते बाहेर काढणं त्याच्या हातात नाही. ते काम पुढच्या टाकीतल्या गरम कॉस्टिकचं. अल्कली लागताच नारिंगी लगद्यातून गडद तपकिरी पाणी सुटतं आणि धो धो वाहायला लागतं. त्या पाण्याबरोबर जंगलाचा रंग निघून जातो. उरतो मळकट पिवळा लगदा, आणि तो तिसऱ्या टाकीकडे निघतो. तिथे त्याला 'हायपो' मिळणार आहे.

हायपो कुठे तयार होतो ते बघायला मिस्त्रीच्या मागे शेजारच्या शेडमध्ये चला, कारण तुम्ही आलात ते त्याच्यासाठी. एका हौदात चुन्याची निवळी नव्हे, दाट दुधासारखं चुन्याचं पाणी ढवळलं जातंय. त्यात तळापर्यंत गेलेल्या नळीतून क्लोरीन बुडबुडत येतो. वर येईपर्यंत बुडबुडे लहान होत होत नाहीसे होतात. पृष्ठभागावर हिरवट-पिवळं काहीही दिसत नाही. जो वायू दोन मिनिटांपूर्वी तुमचा श्वास कोंडत होता, तो या पांढऱ्या पाण्यात शिरून गायब झाला आहे.

त्याचं झालं काय? क्लोरीनच्या रेणूत दोन अणू असतात, अगदी सारखे. अल्कलीत शिरताच त्यांची, एकाच घरातल्या दोन भावांची व्हावी तशी, वाटणी होते. एक अणू इलेक्ट्रॉन घेऊन क्लोराइड बनतो. मीठ आपण रोज खातो, त्यातलाच हा, शांत, निरुपद्रवी. दुसरा अणू आपला इलेक्ट्रॉन गमावून ऑक्सिजनला जाऊन चिकटतो आणि हायपोक्लोराइट होतो. जहालपणा सगळा याच्याकडे. रंग उडवायचा, जंतू मारायचे ते यानंच. साध्या पाण्यातही क्लोरीनची ही वाटणी होते, पण अर्धवट. तिथे आम्ल तयार होतं आणि ते आम्लच अभिक्रियेला मागे ढकलतं. अल्कली त्या आम्लाला जागच्या जागी संपवते, म्हणून वाटणी तडीस जाते आणि वायू परत फिरत नाही.

मिस्त्रीच्या हातात थर्मामीटर आहे. हौद तापतो, कारण ही अभिक्रिया स्वतःच उष्णता सोडते. "चाळीसच्या वर गेलं का क्लोरीन बंद करतो," तो म्हणतो. त्याला कारण आहे. पाणी गरम आणि अल्कली तीव्र असली की वाटणीचा नियमच बदलतो. मग क्लोरीनच्या सहा अणूंपैकी पाच क्लोराइड होतात आणि एकटा सहावा तीन ऑक्सिजन गोळा करून क्लोरेट होतो. क्लोरेट लगदा पांढरा करत नाही, जंतूही मारत नाही. त्याचं काम आगकाडीच्या गुलात आणि स्फोटकांत. मिस्त्री आणखी एका गोष्टीवर नजर ठेवून असतो: चुना नेहमी थोडा जास्तच हवा. अल्कली कमी पडली की हायपोक्लोराइटचं हायपोक्लोरस आम्ल व्हायला लागतं आणि ते लिग्निन सोडून तंतूंवरच तुटून पडतं. कागद पांढरा होतो, पण फाटतो.

शेडच्या बाहेर पडताना एक खड्डा दिसतो, काठोकाठ अल्कलीच्या द्रावणाने भरलेला. अशा गिरण्यांत क्लोरीन येतो तो 900 किलो वायू मावणाऱ्या लोखंडी टोनरमधून. टोनर गळायला लागला तर अमोनियाची बाटली जवळ नेऊन, पांढरा धूर कुठे उठतो ते पाहून गळती शोधतात. आणि झडप आवरतच नसेल तर गळणारा वायू नळीने याच द्रावणात सोडतात. हिशेब ठरलेला आहे. 71 किलो क्लोरीनला 80 किलो कॉस्टिक लागतो, म्हणजे भरल्या टोनरला एक टनाहून थोडा जास्त. पलीकडच्या हौदात जी अभिक्रिया मालाचं उत्पादन आहे, तीच या खड्ड्यात माणसांचा जीव वाचवण्याची तजवीज आहे. शाळेच्या फळ्यावर हे समीकरण एका ओळीत लिहून संपतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना तरी ते या खड्ड्याच्या काठावर उभं करून शिकवायला हवं होतं, असं मला फार मनापासून वाटतं.

आता दोन शतकं मागे जा.

1785 नंतरचं पॅरिस. सेन नदीकाठी, शहराबाहेर जावेल नावाचं गाव आहे. तुमच्या अवतीभवती कुरणांवर कापडाचे लांबच लांब पट्टे पसरलेत. ही लिननची कापडं महिनोन्‌महिने इथेच पडून असतात. राखेच्या अल्कलीच्या पाण्यात उकळायची, उन्हात टाकायची, आंबट ताकात भिजवायची, पुन्हा उन्हात. कापड पांढरं व्हायला अख्खा उन्हाळा जातो. कुरणात कापड आहे तोवर तिथे गुरं चरत नाहीत.

क्लोरीन सापडून तेव्हा दहा-बारा वर्षं झालीत. 1774 साली स्वीडनमध्ये कार्ल शील यानं मँगनीजच्या खनिजावर मिठाचं आम्ल ओतलं, हिरवट वायू निघाला आणि त्यात धरलेल्या फुलांचा, पानांचा रंग उडाला. ते मूलद्रव्य आहे हे मात्र हंफ्री डेव्ही 1810 मध्ये सांगेल. गोबलँच्या रंगशाळेचा प्रमुख क्लोद बर्थोले यानं रंग उडवणारा हा वायू कापडासाठी वापरायचं ठरवलं. पाण्यात विरघळवलेला क्लोरीन कापड पांढरं करतो खरा, पण कामगार खोकून खोकून बेजार होतात आणि भांडं उघडं राहिलं की सगळा वायू उडून जातो. जावेलच्या कारखान्यात यावर तोडगा निघाला: पाण्याऐवजी पोटॅशचं द्रावण. वायू त्यात राहिला. बाटलीत भरता आला, गाडीवर चढवता आला. फ्रेंच घरांत आजही कपड्यांच्या ब्लीचला त्या गावाचंच नाव आहे.

याच बर्थोलेनं पोटॅशचं द्रावण गरम ठेवून त्यात क्लोरीन सोडला, आणि त्याला वेगळेच स्फटिक मिळाले. बल्लारपूरच्या मिस्त्रीचा थर्मामीटर ज्याला अडवतो, तेच हे क्लोरेट. त्याच्यापासून जोरकस बारूद होईल अशी आशा बर्थोलेला वाटली. ऑक्टोबर 1788. एसोनच्या बारूद कारखान्यात मिश्रण कुटायचं काम चाललंय. रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए, त्याची बायको मारी आणि बर्थोले न्याहारीसाठी थोडे लांब गेलेत. तुम्हीही त्यांच्याबरोबरच जा. कारण थोड्याच वेळात स्फोट होतो आणि तिथे थांबलेले दोन जीव, एक अधिकारी आणि एक तरुणी, जागीच जातात. वायू तोच, पोटॅश तेच. फरक फक्त गरम आणि थंड एवढाच होता.

ग्लासगो, 1799. चार्ल्स टेनंट हा विणकराचं काम शिकून कापड धुण्याच्या धंद्यात आलेला माणूस. पोटॅश महाग, कारण त्यासाठी जंगलं जाळावी लागतात. चुना स्वस्त, कारण चुनखडी भाजली की झाला. टेनंटनं आधी चुन्याच्या पाण्यात क्लोरीन सोडला, आणि मग कोरड्या, विरवलेल्या चुन्याच्या भुकटीवरच सोडला. भुकटीनं वायू पिऊन घेतला आणि भुकटीच राहिली. हाच तो ब्लिचिंग पावडरचा शोध. मला विचाराल तर बर्थोलेच्या बुद्धीपेक्षा टेनंटचा हा व्यवहार मोठा. द्रव चार दिवसांत खराब होतो, बाटल्या फुटतात. पोत्या-पिंपांत भरता येणारी पावडर मात्र बोटीत चढते, बैलगाडीत चढते, आणि कुठल्याही आडगावाला पोहोचते. चुनखडी तर आपल्याकडे राजुरा-कोरपन्याच्या जमिनीतच आहे. तिथले सिमेंटचे कारखाने तिच्यावरच उभे राहिले.

त्या पावडरीची किंमत कुणी मोजली तेही बघून घ्या. 19व्या शतकाच्या उत्तरार्धातला इंग्लंडमधला एखादा कारखाना. बसक्या, लांब खोलीत जमिनीवर चुना पसरलाय आणि रात्रभर त्यावर क्लोरीन सोडलाय. सकाळी दार उघडतात. फावडी घेऊन आत शिरणाऱ्या माणसांनी तोंडावर फ्लॅनेलच्या अनेक घड्या करकचून बांधल्यात, डोळ्यांवर चष्मे चढवलेत आणि पायांना तपकिरी कागद गुंडाळलाय. नाकानं श्वास घ्यायचा नाही. फ्लॅनेलमधून तोंडानं आत ओढायचा, नाकानं सोडायचा. त्यांची थोडा वेळ काम, थोडा वेळ बाहेर अशी पाळी चालते. तुम्ही दारातच थांबा.

पुढचा टप्पा आजाराचा आहे. व्हिएन्नाचं जनरल हॉस्पिटल, 1847. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे जाणाऱ्या डॉक्टरांच्या हातांना जो वास चिकटून असतो, तो घालवायला इग्नाझ सेमेलवाइस दाराशी क्लोरिनेटेड चुन्याच्या पाण्याचं घंगाळ ठेवतो. त्या वॉर्डात एप्रिलमध्ये शंभरामागे 18 बाया दगावल्या होत्या. मे महिन्यात घंगाळ आलं, आणि जूनमध्ये हा आकडा दोनाच्या आसपास उतरला. जंतूंमुळे आजार होतो हे अजून मान्य झालेलं नाही. सेमेलवाइस नुसता वासाच्या मागे गेला होता.

आता परत आपल्या मुलखात. 1900 च्या आसपासचा चांदा, म्हणजे तेव्हाचं चंद्रपूर. दुष्काळ पडून गेलाय, माणसं मोह आणि कंदमुळांवर दिवस काढतायत, आणि पाठोपाठ पटकी आली आहे. कॉलऱ्याला तेव्हा पटकी नाहीतर महामारी म्हणतात. कलकत्त्याच्या एका तळ्यातल्या पाण्यात रॉबर्ट कॉखनं कॉलऱ्याचा जंतू 1884 मध्येच दाखवला आहे. म्हणजे मरण पाण्यातून येतं हे कळलेलं आहे. पण विहिरीचं करायचं काय? आग्र्याला अर्नेस्ट हँकिन पोटॅशियम परमँगनेट सुचवतो, आणि पुढची कित्येक वर्षं हिंदुस्थानभरच्या विहिरींत जांभळी-लाल पूड पडत राहते. पाण्याला गुलाबी रंग आला की विहीर सुरक्षित झाली, असं मानायचं. लोक त्या पाण्याला बिचकतात. नंतरच्या अनुभवानं परमँगनेट विहिरींसाठी फारसं भरवशाचं ठरलं नाही, आणि त्याची जागा चुन्यात बांधलेल्या क्लोरीननं घेतली.

मधे एक युद्ध आहे. तिथे थांबायची तुमची इच्छा नसेल, तरी थांबा. 22 एप्रिल 1915, बेल्जियममधलं ईप्र. जर्मन खंदकांतून हिरवट-पिवळा ढग निघतो आणि वाऱ्याबरोबर जमिनीलगत सरकत येतो. चार दिवसांनी लाहोर डिव्हिजनच्या हिंदी सैनिकांना तोच वायू झेलावा लागतो. या डिव्हिजनबरोबर खडकीच्या छावणीतून आलेल्या सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्याही फ्रान्सला उतरल्या होत्या. घाईघाईनं जे सुरुवातीचे मुखवटे वाटले, ते म्हणजे कापसाच्या घड्या, हायपो आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या. हा हायपो निराळा, फोटो धुण्याचा. धुण्याचा सोडा मात्र अल्कलीच. क्लोरीनला नाकाबाहेर थोपवायला माणसाच्या हाताशी पुन्हा तीच गोष्ट आली.

आणि त्याच युद्धात, खंदकांच्या मागे काही मैलांवर, पाण्याच्या गाड्या उभ्या आहेत. एक शिपाई सहा पांढऱ्या कपांत पाणी ओतून प्रत्येकात ब्लिचिंग पावडरच्या पाण्याचे थेंब चढत्या संख्येनं टाकतोय. अर्ध्या तासानं तो सगळ्यांत स्टार्च-आयोडाइड घालेल. ज्या कपापासून निळा रंग दिसेल, तेवढी पावडर त्या पाण्याला लागते. विल्यम हॉरॉक्स या लष्करी डॉक्टरची ही पेटी. सैनिकांना टायफॉइड-हगवणीपासून वाचवण्यात तिचा मोठा वाटा आहे, आणि आपल्या आरोग्य विभागाच्या पुस्तकांत ती अजून आहे. तोच वायू समोरून सुटा येतो तेव्हा मारतो, आणि चुन्यात बांधून मागून येतो तेव्हा पाणी पाजतो. रसायनशास्त्र यात कुणाची बाजू घेत नाही. वायू मोकळा सोडायचा की बांधायचा, हे प्रत्येक वेळी माणसांनीच ठरवलं.

आता पुढे या, पण सावकाश. 1980 च्या दशकात जगभर कळायला लागतं की लिग्निनवर क्लोरीन सोडला की जी तपकिरी धार वाहते, तिच्यात डायऑक्सिनसारखी दीर्घकाळ टिकणारी विषं असतात. ती नदीत जातात, माशांच्या चरबीत साठतात. मग कागद गिरण्या हळूहळू मूळ क्लोरीन सोडून क्लोरीन डायऑक्साइडकडे वळतात. 27 एप्रिल 2011 रोजी धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात थोडा वेळ उतरा. केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आलेत, आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती जातोय. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावानं त्यासाठी किती वर्षं रेटा लावला होता! ज्या बांबूला बल्लारपूरला नारिंगी होताना तुम्ही पाहिलं, तो कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर कायद्यानं द्यायला इतका काळ लागला. या दोन जिल्ह्यांत कागदाच्या पांढरेपणाची गोष्ट सांगताना हे सोडून दिलं, तर ती गोष्ट अर्धीच राहते.

शेवटचा मुक्काम. सप्टेंबर 2020 चा पहिला आठवडा, ब्रह्मपुरी तालुक्यातलं वैनगंगेकाठचं एक गाव. ऑगस्टच्या अखेरीस गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं आणि नदी गावात शिरली. आता ओसरली आहे. भिंतींवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ आहे. धानाच्या बांध्या गाळाखाली गेल्यात. विहिरीच्या पाण्याचा रंग चहासारखा झाला होता. दोन दिवस इंजिन लावून उपसा केल्यावर तो थोडा निवळला आहे.

या वर्षी हायपोक्लोराइट गावोगाव पोहोचलाय, पण वेगळ्याच कारणानं. करोनासाठी फवारणीचे पंप गल्लीगल्लीत फिरले. काही ठिकाणी माणसांच्या अंगावरही फवारलं, आणि एप्रिलमध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला सांगावं लागलं की माणसांवर असं फवारू नका. रस्ता आणि अंग फवारण्यात पावडरीचा जीव जातो. तिची खरी जागा तुमच्या समोरच्या या विहिरीत आहे.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पहाटे आलाय, बाया पाण्याला यायच्या आधी. त्यानं दोरीला दगड बांधून खोली घेतली: पाणी तीन मीटर. विहिरीचा व्यास दोन मीटर. वहीत गुणाकार होतो आणि साडेनऊ हजार लिटरच्या आतबाहेर पाणी निघतं. स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे 24 ग्रॅमच्या आसपास. पण पुराच्या पाण्याला एवढी पुरत नाही. गाळात कुजलेला पालापाचोळा असतो, क्लोरीन आधी त्याच्यावरच खर्च होतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. तो मुठीनं नाही, मापानं दुपटीहून जास्त घेतो.

बादलीत आधी थोडंसंच पाणी. पावडर कालवून लापशी होते, मग पाणी वाढवून काठीनं ढवळायचं आणि दहा मिनिटं तशीच ठेवायची. चुना तळाला बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घेतलं की पांढरा गाळ फेकून द्यायचा. विहिरीत गेला तर पाणी उगाच जड होतं. मग बादली दोरीनं पाण्याखाली सोडून वरखाली, आडवीतिडवी हिसके देत हलवायची.

"टीसीएल, टीसीएल म्हणतेत," तो बादली हलवता हलवता म्हणतो, "पर त्याचा अर्थ कोनाले ठाऊक नाई."

उष्ण प्रदेशासाठीची क्लोरिनेटेड चुन्याची पावडर, असा त्याचा अर्थ. ती आपल्यासारख्या मुलखासाठीच केलेली आहे. साधी ब्लिचिंग पावडर ओल शोषते आणि सुटते, म्हणून तिच्यात जादा कळीचा चुना मिसळून ओल त्याच्याकडे वळवतात. तरीही ती अमर होत नाही. ताज्या पावडरीत 33 टक्के उपयोगाचा क्लोरीन असतो. पिंप उघडं राहिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा मिळून आम्ल बनतं, आणि आम्ल चुन्याच्या मिठीतून क्लोरीन सोडवून घेतं. पिंपाजवळ जो वास येतो तो या सुटलेल्या वायूचा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 47-48 अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं पिंप तेव्हा आतल्या आत मरत असतं; काही भाग ऑक्सिजन सोडून नुसता क्लोराइड होतो, काही क्लोरेट. पांढरेपणा तसाच राहतो, वजनही फारसं घटत नाही. म्हणून दिसण्यावरून कुणाला कळत नाही, आणि नेमकं मृगाच्या तोंडावर, गॅस्ट्रोची साथ यायच्या वेळी, गावाच्या हातात मेलेली पावडर असते. पावडर 20 टक्क्यांच्या खाली गेली की ती निकामी धरायची, हा आरोग्य विभागाचा नियम. तपासणीला नमुना पाठवणं ज्या गावात सुटतं, तिथली विहीर शुद्ध झाली ती फक्त कागदावर.

विहिरीत उतरल्यावर मात्र आम्लाचाच थोडा आधार हवा असतो. पिंपात भरपूर अल्कली आहे, म्हणून हायपोक्लोराइट तिथे टिकतो. पण त्या रूपात तो सुस्त असतो. विहिरीच्या हजारो लिटर पाण्यात ती अल्कली विरते आणि सामू सातच्या जवळ येतो. तिथे हायपोक्लोराइटचं मोठ्या प्रमाणात हायपोक्लोरस आम्ल होतं. बल्लारपूरच्या लगद्याचे तंतू तोडणारं ते हेच. त्याच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे ते जंतूच्या भिंतीतून सहज आत जातं. जंतू मारण्यात ते हायपोक्लोराइटच्या कित्येक पट वरचढ आहे. चुना क्लोरीनला पिंपात टिकवतो आणि विहीर त्याला कामाला लावते. म्हणूनच संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली या पिंपाजवळ ठेवायची नाही, आणि दोन्ही एकत्र कधी ओतायची नाहीत. तीव्र आम्ल पडलं की सगळा वायू एकदम मोकळा होतो, बंद न्हाणीघरातही.

एक तास होतो. बाया हंडे घेऊन कट्ट्यावर थांबल्यात. "दवाई टाकलेल्या पान्याले वास येते, भात नाई लागत गोड," एक आजी कुरकुरते. जलसुरक्षक काचेच्या नळीत विहिरीचं पाणी घेतो, क्लोरीन तपासायच्या 'ओटी' द्रावणाचे थेंब टाकतो, नळी उजेडात धरतो. पाणी पिवळं व्हायला हवं. होत नाही.

तो पुन्हा थेंब टाकतो. तरी नाही.

"हे मे मधलं पिंप हाय," तो स्वतःशीच म्हणतो आणि पिंपाचं झाकण फिरवून तारीख पाहतो. मग दोघा-तिघा पोरांना पंचायतीच्या खोलीत पाठवतो. पूर ओसरल्यावर तालुक्याहून आलेलं सीलबंद पिंप तिथे आहे. आजीला सांगतो, आज हापशीवरून आणा, इथलं पाणी आत्ता कोणी नेऊ नका. आजी हंडा उचलत नाही, त्याच्याकडे बघत राहते. तिच्या नातवाला मागच्या पावसाळ्यात सलाइन लावावं लागलं होतं, हे तिनंच मघाशी सांगितलंय.

नवं पिंप उघडताना सगळे दोन पावलं मागे होतात. वास तोच आहे, जो तुम्ही बल्लारपूरच्या जिन्यावर घेतला होता, पण किती हलका. पुन्हा बादली, पुन्हा लापशी, पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा हिसके. तो वहीत आधीची नोंद खोडत नाही; तिच्याखाली नवी वेळ, नव्या पिंपाचा क्रमांक लिहितो आणि जुन्या पिंपावर खडूनं फुली मारतो. त्याचा नमुना आज तालुक्याला जाईल.

तासाभरानं नळीत पिवळा रंग उतरतो. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमचा जो रंग तक्त्यावर छापलाय, त्याच्याशी तो नळी लावून बघतो, मग आजीच्या हातात देतो. ती डोळ्यांजवळ नेऊन बघते, नातवाला दाखवते आणि हंडा विहिरीत सोडते. जलसुरक्षक बादल्या विसळून सायकलला अडकवतो. गावात आणखी चार विहिरी आहेत.